ताम्हणाखाली धरलेली जागा

सकाळी साडेसहाला दुसऱ्याच्या दाराची बेल कोणी वाजवावी ह्याचे काही नियम असतात. दूधवाल्याने वाजवावी. घरात कोणाची तब्येत बिघडली तर शेजाऱ्याने वाजवावी. झाडाला किती फुलं आली ते बघायचंय म्हणून वाजवू नये. हे मी वरच्या मजल्यावरच्या काकांना वर्षानुवर्षं सांगत आले. ते दारात उभं राहून सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे. मग चपला काढायचे, त्या फिरवून त्यांची तोंडं जिन्याकडे करून नीट जोडीने ठेवायचे, कमरेतून वाकून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "फक्त बघतो. तुझं चालू दे."

माझे दोन्ही हात कणकेत. काय चालू देणार, कपाळ? तोवर ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोचलेले असायचे. चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे बारीक करायचे आणि बोटांवर फुलं मोजायची. "तीन," असं म्हणायचे आणि आल्या पावली परत. चहा कधी घेतला नाही. बघायला आलेल्या माणसाने चहा घेतला तर तो पाहुणा होतो, आणि पाहुण्याने रोज येऊ नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे रोज यायची सोय त्यांनी आधीच करून ठेवलेली.

ठाण्यात वर्तकनगरमधली आमची सोसायटी जुनी, चार मजल्यांची, बिनलिफ्टची. मागच्या अंगणात एक म्हातारं ताम्हण आहे. त्याचा शेंडा बरोबर माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीसमोर येतो, हा माझा गुन्हा. काका तिसऱ्यावर राहायचे. तिथूनही झाड दिसायचं, पण वरून. "वरून बघणं म्हणजे बघणं नाही गं, तपासणी झाली ती," असं म्हणायचे. आता ते आणि काकू खडवलीला, काकूंच्या माहेरच्या गावी, घर बांधून राहायला गेलेत. माझी सकाळची बेल बंद झाली. सुटले एकदाची, असं मी सगळ्यांना सांगते. कोणी विश्वास ठेवत नाही.

मी ह्या सोसायटीची सेक्रेटरी. भांडकुदळ म्हणून माझं नाव आहे आणि ते फुकट मिळालेलं नाही, कष्टाने कमावलंय. पाण्याच्या टँकरवाल्यापासून ते गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांपर्यंत सगळे मला वचकून असतात. काकांपुढे मात्र माझं काही चालायचं नाही, कारण त्या माणसाशी भांडताच येत नसे. भांडायला समोरून एक तरी वाक्य यावं लागतं. काका नुसते वाकायचे.

हे वाकणं, चपला फिरवणं, फुलं मोजणं सगळं आलं एका बागेतून. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. तरुण असताना कंपनीने त्यांना काही महिने जपानला, टोकियोला ट्रेनिंगसाठी पाठवलेलं. तिथे कसलं ट्रेनिंग झालं ते मला विचारू नका. इतक्या वर्षांत मशीनबद्दल मी त्यांच्या तोंडून अवाक्षर ऐकलं नाही. ऐकलं ते सगळं उएनोच्या बागेबद्दल. उएनो ही टोकियोतली फार जुनी बाग, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सगळ्यांसाठी खुली केलेली. यावं, बसावं, डबा खावा, घरी जावं. काकांची राहायची खोली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, जेवणात काय घातलंय ते कळत नाही. अशा माणसाने दर रविवारी बागेत जाऊन बसायचं नाही तर काय करायचं.

बागेत कमळांचं मोठं तळं आहे आणि तळ्याच्या मधोमध देऊळ. त्यातली देवी हातात वीणेसारखं वाद्य धरून बसलेली. तिथल्या कारखान्यातल्या एकाने खाणाखुणा करून सांगितलं, ही तुमच्याकडूनच आली. काकांनी नीट बघितलं तर सरस्वती. "परक्या गावात मामी भेटावी तसं झालं गं मला," असं ते सांगायचे. नारळ शोधला, मिळाला नाही. मग आईने दिलेल्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू कागदावर ठेवून देवीसमोर हात जोडले. डोळे उघडतात तो लाडू गायब. तिथले कावळे म्हणे आपल्या कोंबडीएवढे. लाडू उचलून एक कावळा समोरच्या खांबावर निवांत बसलेला. काका हसत सुटले, कावळा शिवला म्हणून. बरोबरच्या जपानी माणसाला ह्यात हसण्यासारखं काय ते समजावता समजावता त्यांच्या नाकी नऊ आले.

पुढे मासुंदा तलावाभोवती फेरी मारायला जायचे तेव्हा दर वेळी एका ठरावीक ठिकाणी थांबायचे आणि म्हणायचे, "इथे कमळं हवी होती." काकू पुढे निघून जायच्या. काकूंचं म्हणणं, ह्या माणसाबरोबर फिरायला जाणं म्हणजे एका वेळी दोन गावांत चालणं. पाय ठाण्यात आणि तोंड टोकियोत.

त्या बागेत लोक आपला कचरा आपल्याबरोबर घरी नेतात, हे काकांनी बघितलेलं. तेव्हापासून त्यांनी रस्त्यावर कपटाही टाकला नाही. कौतुकाचीच गोष्ट, पण ते सगळं खिशात टाकायचे. काकू कपडे भिजवायला बसल्या की सदऱ्याच्या खिशातून शेंगांची टरफलं निघायची, रिक्षात कोणीतरी टाकलेला वेफर्सचा कागद निघायचा, आणि एकदा केळ्याचं साल निघालं, तेही दोन दिवसांचं. त्या दिवशी काकू माझ्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लग्नाआधी पत्रिका बघितली, गोत्र बघितलं. खिसा कोणी बघितला नाही."

सगळ्यात गाजलेलं होतं त्यांचं 'कठीण आहे'. काका कधी कोणाला नाही म्हणत नसत. दातांवर दात ठेवून हवा आत ओढायचे, स्स्स असा आवाज यायचा, मान थोडी तिरकी व्हायची आणि मग, "कठीण आहे." वॉचमनने पगार वाढवून मागितला, स्स्स, कठीण आहे. जावयाने घर पुण्याला हलवा म्हटलं, स्स्स, कठीण आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी हवा ओढायला सुरुवात केली की मी पुढचा विषय घ्यायचे.

हे कठीण प्रकरण त्यांनी उचललं कुठून, तर त्याच बागेतून. हा किस्सा मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही सांगेन.

तिथे वसंतात चेरी फुलते. अख्खी ऑफिसं त्या झाडांखाली बसून जेवतात. रीत अशी की ऑफिसातल्या सगळ्यात ज्युनिअर माणसाला सकाळीच एक निळी ताडपत्री देऊन बागेत पाठवायचं. त्याने चांगलंसं झाड बघून ती पसरायची आणि संध्याकाळी साहेब लोक येईपर्यंत जागा धरून बसायचं. त्या वर्षी सगळ्यात ज्युनिअर होते आमचे काका. साहेबाला वाटलं, परदेशी माणूस, ह्याला जमेल ना. अहो, न जमायला काय झालं? लग्नाच्या पंगतीत रुमाल टाकणारी, नाटकाला गेलं की खुर्चीवर पर्स ठेवणारी माणसं आपण. जागा धरायला आपल्याला शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

काकांनी जागाही अशी धरली की बास. भरगच्च झाड, शेजारी तळ्याचा वारा. पण थोड्या वेळाने एक म्हातारं जोडपं आलं. डबा हातात, बसायला कुठे जागा नाही. आपण काय करतो? सरकतो. काका सरकले, या म्हणाले. मग तीन मुली आल्या. त्यांना या म्हणाले. मग बाळाला घेतलेली एक बाई, मग थर्मासवाला एक एकटा माणूस. सगळे चपला-बूट काढून, वाकून, आभार मानून बसत गेले. काकांना वाटलं, काय साधीसरळ माणसं आहेत. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं असणार, हा माणूस ह्याच कामाला ठेवलाय.

संध्याकाळी साहेब आले. मागे अख्खं खातं, हातांत खाण्याचे डबे. ताडपत्रीवर मुंगी शिरायला वाव नाही. काकांनी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, हे सगळे आपलेच आहेत. साहेबाने ताडपत्रीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, दातांतून हवा ओढली आणि म्हणाला, "स्स्स, कठीण आहे." मग बूट काढले आणि कोपऱ्यात त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. साहेब बसला म्हटल्यावर सगळे बसले. डबे फिरले, बाळ इकडून तिकडे फिरलं, थर्मासवाल्याने गाणं म्हटलं. दिवे लागेपर्यंत कोणी हललं नाही.

"आणि तुम्ही?" नवीन ऐकणारा नेहमी विचारायचा.

"मी उभा होतो. जागा कुठे होती?" असं म्हणून काका हसायचे. "पण उभ्या माणसाला झाड जास्त दिसतं."

काकू आतून ओरडून भर घालायच्या, "दिवसभर जागा धरली आणि उभ्याने जेवले. ही ह्यांची हुशारी."

आमच्याकडे चेरी नाही, म्हणून काकांनी ताम्हण धरलं. जपानात म्हणे ठरवून ठेवलेल्या एका झाडाकडे सरकारी माणूस जातो आणि पाच-सहा फुलं उमललेली दिसली की गावाला सांगतो, बहर आला. काकांनी पाच हा आकडा पक्का केला. माझ्या खिडकीतून पाच दिसली की खाली जाऊन सोसायटीच्या फळ्यावर, 'उद्या पाणी येणार नाही' ह्याच्या खाली सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'ताम्हण फुलले आहे. सवडीने यावे.' आणि झाडाखाली एक निळी ताडपत्री पसरायचे. बसायला कोण यायचं? काकू यायच्या, गुडघे दुखत नसतील तर. कामवाली मावशी यायची पाच मिनिटं पाठ टेकायला. मी जायचे फळ्यावर न विचारता लिहिल्याबद्दल भांडायला, आणि आलेच आहे म्हणून बसायचे. तेवढीच आमची जत्रा. ताम्हणाच्या पाकळ्या चुरगळलेल्या असतात, जांभळ्या-गुलाबी. त्या खाली पडल्या की काका झाडू मारू द्यायचे नाहीत. मावशीला ते फार आवडायचे, साहजिकच.

झाडाची एक फांदी फार खाली आलेली. तिथल्या बागेत म्हाताऱ्या झाडांना लाकडाचे टेकू देतात, म्हणून काका माजिवड्याला जाऊन बांबू घेऊन आले. रिक्षावाल्याने बांबू बघून पळ काढला. मग हे खांद्यावर बांबू टाकून भर दुपारी चालत घरी. फांदीखाली टेकू लावला, मध्ये जुन्या गोधडीचा तुकडा, फांदीला टोचू नये म्हणून. झाडाला कुबडी आली म्हणून पोरं हसली. काकांना त्याचं काही नाही. थंडीत तर त्यांनी खडवलीहून, काकूंच्या भावाच्या शेतातून, पेंढा आणला आणि खोडाला कंबरेएवढ्या उंचीवर गुंडाळून काथ्याने बांधला. थंडीत किडे उबेला त्या पेंढ्यात शिरतात आणि मग पेंढा काढून जाळला की झाड मोकळं, अशी ती जपानी युक्ती.

इथेच घोळ झाला. झाडाला कमरपट्टा बांधलेला दिसला की आपली माणसं गप्प बसतील का? आठ दिवसांत पेंढ्यावर हळदकुंकू. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी वाहिलं. मग नारळ आला, मग झेंडूची माळ, मग कोणीतरी टेकूच्या बांबूला छोटी घंटा बांधली. परीक्षेला जाणारी मुलं घंटा वाजवून जायला लागली. सोसायटीतल्या बंगाल्याला नाही, गुजरात्याला नाही, कोणालाच विचारायची गरज वाटली नाही की हा देव नक्की कोणता. काका रोज सकाळी हळदकुंकू पुसायचे, आजी दुपारी परत लावायच्या.

त्याच उन्हाळ्यात पार्किंगचा विषय निघाला. आमची सोसायटी ज्या शेतावर बांधली त्या शेताचे मूळ मालक आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांना सगळे शेठ म्हणतात. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, मन मोठं. गणपतीचा मांडव दर वर्षी त्यांच्याच खर्चाने. जमिनीच्या बदल्यात मिळालेले चार फ्लॅट, मुलं-सुना-नातू आणि प्रत्येकाची गाडी. शेठची स्वतःची गाडी तेवढी मागे झाडाशेजारी मावायची, बाकीच्या रस्त्यावर उभ्या राहायच्या, कोणी आरसा तोडायचं, कोणी ओरखडा काढायचं. शेठनी प्रस्ताव दिला. मागचं झाड काढू, फरशा टाकू, सगळ्यांच्या गाड्या आत घेऊ. परवानगी मी आणतो, खर्च मी करतो. आता हे ऐकल्यावर नाही कोण म्हणणार? गाड्या तर सगळ्यांनीच घेतलेल्या. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मे महिन्यातल्या एका रविवारी विशेष सभा ठरली आणि नोटीस लावायचं काम माझ्याकडेच आलं.

मला झाड हवं होतं. मला फुलांचं वेड नाही, पण ती सावली गेली तर माझं स्वयंपाकघर भट्टी होणार, हे कळायला जपानला जावं लागत नाही. तरी मी निर्धास्त होते. देवाच्या झाडाला कोण हात लावणार? शेठ स्वतः सकाळी गाडी सुरू करायच्या आधी त्या पेंढ्याला हात जोडून जायचे. आजींनी तर जाहीरच केलं, झाडाला जो हात लावील त्याचं काही खरं नाही. मी मनात म्हटलं, चला, आयतं झालं.

सभेच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी खिडकीतून बघते तर काय, काका खाली खोडाशी बसून काथ्या सोडतायत. पेंढा काढला, घंटा काढली, नारळ काढला. बादलीभर पाणी आणून खोड धुऊन काढलं. मी कणकेचे हात तसेच घेऊन खाली धावले.

"काका, काय करताय? हात दाखवून अवलक्षण कशाला? देव झालाय ना झाडाचा, होऊ द्या की. तेवढ्यावर झाड वाचतंय."

"देव नाहीये तो," काका म्हणाले. "पेंढा आहे. किड्यांसाठी."

"ते मला माहितीये. शेठना कुठे माहितीये?"

काका उठले. गुडघ्यांची माती झटकली. "आज हळदकुंकू आहे. पुढच्या वर्षी कठडा होईल. मग टाइल्स, मग ग्रिल, मग आरतीची वेळ, मग पाटी लागेल की आत बसू नये. झाड वाचेल गं. पण त्याच्याखाली पाय पसरून कोणी बसणार नाही. तिथे त्या बागेत देवी तळ्यात आहे. लोक तिला नमस्कार करतात आणि मग झाडाखाली येऊन डबा उघडतात. म्हणून ती बाग इतकी वर्षं टिकलीय."

"आणि रविवारी झाड गेलं तर?"

त्यांनी हवा ओढली. "स्स्स," म्हणाले, आणि पुढचं बोललेच नाहीत. हातातली घंटा उगाच पुसत राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या माणसाला झाड गेलेलं सोसणार नव्हतं आणि तरी तो खोटं बोलायला तयार नव्हता. राग तर असा आला की त्यांना गदगदा हलवावं. संध्याकाळी काकू आल्या, म्हणाल्या, "दोन दिवस घास उतरत नाहीये ह्यांच्या घशाखाली. तू काहीतरी कर बाई, तू भांडतेस ना सगळ्यांशी." मी भांडले. चौघांशी भांडले, आणि चौघंही माझ्या तोंडाला कंटाळून पार्किंगच्या बाजूने पक्के झाले.

त्यात त्या वर्षी फुलंही रुसलेली. शुक्रवारी दोन. शनिवारी तीन. रविवारी सकाळी बेल वाजली. काका खिडकीशी गेले, बराच वेळ उभे राहिले.

"चार."

"अहो, पाच लिहा. कोण मोजायला येतंय? आज तरी लिहा."

"चार आहेत," काका म्हणाले. वाकले, चपला घातल्या आणि खाली गेले. फळ्यावर काही लिहिलं नाही. ताडपत्री मात्र पसरली. ह्या वेळी दोन होत्या, जोडून. दुसरी कुठून आणली कोण जाणे.

सभा दहा वाजता गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली होती. मी वेळेवर वर गेले. पत्रा तापलेला, पंखा लावायला जाते तर वीज गेलेली. मी खुर्ची टाकून बसले. कोणी येईना. घाम पुसला. तरी कोणी येईना. शेवटी कठड्यावरून खाली डोकावले तर अख्खी सोसायटी निळ्या ताडपत्रीवर. काकूंनी पातेलंभर पन्हं आणि उकडलेल्या शेंगा खाली नेलेल्या. काका कडेला उभे राहून जिन्यातून उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "या, जागा धरलेली आहे." वर चढायला निघालेली माणसं पन्ह्याचा पेला बघून वळत होती. घंटा काढल्यामुळे रुसलेल्या आजीसुद्धा बसल्या होत्या, काकांकडे पाठ करून, पण शेंगा खात होत्या.

"मीटिंग वर आहे," मी ओरडले.

"तूच खाली ये," खालून कोणीतरी म्हणालं. "वर काय पापड भाजायचेत?"

सेक्रेटरीचा मान घेऊन मी खाली आले. बसले एका कोपऱ्यात. वरच्या मजल्यावरची मंडळी आणि तळमजल्यावरची मंडळी, जी एरवी गळक्या पाइपवरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. एकाने वर बघून विचारलं, "काका, फुलं कुठेत?" काकांनी बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना वर. चार फुलं शोधायला आम्हाला बराच वेळ लागला, आणि प्रत्येकाला आपणच आधी बघितलं असं वाटत होतं.

तेवढ्यात शेठ आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात गाडीची किल्ली. ताडपत्रीच्या कडेला थांबले. बसायला कुठे तसूभर जागा दिसेना. मला वाटलं, झालं, आता हे रागावून वर जाणार आणि त्यांच्या मागोमाग निम्मी माणसं उठणार.

काका पुढे झाले, कमरेतून वाकले. "या शेठ. तुमची जागा धरलेली आहे."

आणि खरंच, अगदी खोडाला लागून, सगळ्यात दाट सावलीत, एकाची जागा मोकळी होती. तिथे काकांचा रुमाल पसरलेला. सकाळपासून तिथे त्यांनी कोणाला बसू दिलेलं नव्हतं.

शेठनी किल्ली खिशात टाकली. चपला काढल्या, माणसांमधून वाट काढत गेले आणि खोडाला पाठ टेकून बसले. काकूंनी पन्हं दिलं. ते त्यांनी एका दमात संपवलं. मग वर बघितलं. बांबूचा टेकू दिलेली ती खाली आलेली फांदी बरोबर त्यांच्या डोक्यावर. बघतच राहिले.

"हीच ती फांदी," शेठ म्हणाले. "आमची आय हिलाच झोली बांदायची. ती शेतान लावनी करायची आन मी झोलीन. माज्या मागून माजा बारका भाव." मग म्हणाले, "इतकी वर्सां बाजूशी गारी लावतंय. खाली कदी बसलोच न्हाय."

शेंगा सोलायचा आवाज तेवढा चालू होता. मला काम उरकायचं होतं. मी उभी राहिले, ठराव वाचला. झाड काढून त्या जागी पार्किंग करावे. बाजूने असतील त्यांनी हात वर करा.

ज्यांच्याशी मी आठवडाभर भांडले होते ते चौघं शेठकडे बघायला लागले. शेठच्या दोन्ही हातांत शेंगा होत्या. एक सोलली, दाणे तोंडात टाकले. टरफल टाकायला इकडेतिकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि टरफल आपल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खिशात घातलं.

"शेठ?" मी विचारलं.

"गारी उन्हान उबी ऱ्हाईल," शेठ म्हणाले. "गारीला काय ऊन लागतंय?"

हात कोणीच वर केला नाही. आजींनी तेवढ्यात एक नमस्कार केला, झाडाला की शेठना ते कळलं नाही. मी ठरावाचा कागद दुमडला आणि खाली बसले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच, ऊन लागतंय म्हणून, तोच पदर डोक्यावरून घेतला.

काका मात्र ताडपत्रीच्या बाहेर होते. सगळ्यांच्या चपला ते एकेक करून फिरवून ठेवत होते, तोंडं बाहेर, उठणाऱ्याला पाय घालायला सोपं जावं म्हणून. शेठच्या चपलाही ठेवल्या. मग तिथेच हात मागे बांधून उभे राहिले, वर झाडाकडे बघत. ओठ हलत होते. परत मोजत होते.

"आन तो कनाला उबा हाय?" शेठनी विचारलं.

"जागा कुठेय," काकू म्हणाल्या. "ह्यांचं नेहमीचंच आहे."

शेठ जागचे सरकले. सरकायला ताडपत्री उरलीच नव्हती, तरी सरकले, मातीत गेले, पांढऱ्या पायजम्यासकट. बाजूची रिकामी झालेली वीतभर जागा त्यांनी हाताने थोपटली. "ये. बस हितं."

काकांनी त्या जागेकडे बघितलं. दातांतून हवा ओढली. स्स्स असा तो आवाज ताडपत्रीवरच्या प्रत्येकाला ऐकू गेला, आणि सगळे थांबले.

"कठीण आहे," काका म्हणाले, आणि चपला काढून, आमच्या सगळ्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत जाऊन बसले.

त्यांच्या चपला तिथेच राहिल्या, एक इकडे, एक तिकडे, दोन्हींची तोंडं झाडाकडे. फिरवायला ते विसरले होते.